डाव्या चाकाखालचं पान

“तिला काय विचारता? ती नुसत्या खुणा करते.”

मॅनेजरसाहेब हे शेटजींना म्हणाले तेव्हा मी त्यांच्यापासून चार पावलांवर, खिडकीशी उभी होते. आवाज खाली आणायची त्यांना गरज वाटली नाही. शेटजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मान डोलावली आणि ते पुन्हा टेबलावरच्या कागदाकडे वळले.

कागदाशेजारी शाईची डबी उघडून ठेवलेली होती. समोरच्या बाकावर आमचे ड्रायव्हरभाऊ बसले होते, टोपी गुडघ्यावर, पाय अनवाणी. दारात दोन हमाल साक्षीला उभे केले होते. कागद मॅनेजरसाहेबांनी भाऊंच्या वतीनं मराठीत लिहिला होता आणि नुकताच मोठ्याने वाचून दाखवला होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी मशीनला लोणी-हळद चोळली, ते लोणी ब्रेकमध्ये उतरलं, ब्रेक लागला नाही आणि हमालाचा पाय मोडला, चूक माझी आहे, असा मजकूर होता. या कागदाला अंगठा लागला की भाऊंचं काम सुटणार होतं, आणि दवाखान्यात पडलेल्या माणसाचा पाय कायमचा त्यांच्या नावावर लागणार होता.

“लावतो जी,” भाऊ म्हणाले. “माह्याच हातानं झालं न ते.”

मला सगळ्यात जास्त चीड आली ती याचीच. त्यांना ते खरं वाटत होतं.

ते खरं नव्हतं. मला ते कसं ठाऊक होतं, तेवढं आधी सांगते.

चांद्याच्या त्या लाकूड-गिरणीत मी इंग्रजी पत्रं टाइप करायला लागले होते. वडील छोट्या गाडीच्या लाइनीवर, सिंदेवाहीच्या अलीकडच्या एका स्टेशनात मास्तर होते. सहाव्या वर्षी त्यांनी मला नागपूरला नन्सच्या शाळेत ठेवलं. तिथे जेवणाच्या टेबलावर मराठी बोललं तर गोड मिळत नसे. मला गोड आवडायचं. परिणाम असा झाला की वीस वर्षांची होऊन मी घरी आले तेव्हा माझं मराठी सुट्टीपुरतं होतं. पुस्तकासारखं बोलायची, आणि ‘ळ’वर अडखळायची. बाजारात भाजीवाली हसायची, नळावर बायका हसायच्या. मी बोलणं कमी केलं, मग आणखी कमी केलं. गिरणीत मला ‘मेमबाई’ म्हणत. समोर म्हणत, कारण जी बोलत नाही तिला ऐकूही येत नसावं, असं बहुतेकांना वाटतं.

मला सगळं ऐकू यायचं.

गिरणीत रेल्वेच्या रुळांखालचे लाकडी स्लीपर कापले जात. ते उचलून वॅगनमध्ये चढवायला शेटजींनी एक फोर्कलिफ्ट विकत घेतली होती. लढाई संपल्यावर अमेरिकन पलटणीचं जे सामान इथेच राहिलं आणि लिलावात गेलं, त्यातली ती. अंगावरचा हिरवा रंग जागोजाग उडालेला, पुढे दोन लांब लोखंडी सुळे. हमाल तिला ‘शिंगवाला’ म्हणत. त्यांच्या लेखी ती गाडी नव्हतीच, बैल होता. तिच्याबरोबर तेलाचे डाग पडलेलं एक इंग्रजी पुस्तक आणि छापील कार्डांचे गठ्ठे आले होते. पुस्तकात लिहिलं होतं की रोज काम सुरू होण्याआधी एकेक भाग पाहायचा, कार्डावरच्या चौकोनात खूण करायची, आणि खोट असेल तर ती दुरुस्त झाल्याशिवाय मशीन हलवायचं नाही. फुकट आलेली कोणतीच गोष्ट वाया जाऊ देणं शेटजींना पटत नसे. “छपा हुआ है ना? मग भरा,” ते म्हणाले. कार्डं इंग्रजीत होती, म्हणून काम माझ्याकडे आलं. मॅनेजरसाहेबांना वाटलं होतं की आठ दिवसांत मी कंटाळेन आणि ऑफिसात बसूनच बावीस चौकोनांत बावीस खुणा करीन.

मी कंटाळले नाही. दिवसभरात माझं म्हणावं असं काम तेवढंच होतं.

सकाळी साडेसातला, करवतीचा पट्टा फिरायच्या आधी, मी कार्ड आणि फाउंटन पेन घेऊन शेडमध्ये जायची. ड्रायव्हरभाऊ तिथे आधीच आलेले असत. ते आरमोरीकडचे. वीस वर्षं त्यांनी जंगलातून सागाचे ओंडके बैलगाडीनं ओढले होते. मशीन चालवायला ते पंधरा दिवसांत शिकले, पण तपासायचे ते बैलासारखंच. समोरून कधी जायचे नाहीत. बाजूनं यायचे, अंगावर हात ठेवायचे, “उठ गा राजा, सकाळ झाली,” असं काहीतरी म्हणायचे. मग आधी पाय, मग खांदा, मग शिंगं, आणि सगळ्यात शेवटी पोट. कार्डाचं मात्र पोटापासून सुरू व्हायचं. पहिल्या चौकोनात इंजिनाचं तेल. पहिला आठवडा मी इंजिनापाशी उभी आणि भाऊ चाकापाशी उकिडवे बसलेले, असाच गेला. शेवटी मी कार्डावर पेन्सिलीनं आमचे आकडे घातले. चाक एक, खांदा दोन, शिंगं तीन. कार्डावरचा क्रम कुठल्यातरी लांबच्या माणसानं ठरवला होता. हात भाऊंचे होते.

“हे पाहा बाई, डावा मागचा खूर चिरला,” ते म्हणायचे, आणि मी टायरच्या चौकोनात फुली मारून इंग्रजीत लिहायची की मागच्या डाव्या टायरला चीर आहे. स्टेअरिंग म्हणजे कासरा. सुळे वर नेणारा उभा लोखंडी सांगाडा म्हणजे खांदा. माझ्या टाइपरायटरशेजारच्या वहीत मी हे शब्द उतरवून ठेवायची. मला मराठी ज्या शिक्षकानं शिकवलं त्याला अक्षर येत नव्हतं, हे मला सांगायला आवडतं.

आणि पानं. पुस्तकात पानांचा कुठे उल्लेख नव्हता, ती भाऊंची युक्ती. रोज संध्याकाळी मशीन उभं केलं की ते चार चाकांखाली चार आणि इंजिनाखाली एक, अशी सागाची मोठाली पानं सरकवून ठेवत. सकाळी देठाला धरून एकेक पान बाहेर काढायचं आणि उजेडात धरायचं. रात्रीत काही गळलं असेल तर ते पानावर दिसे. कुठून गळलं, किती गळलं, कोणत्या रंगाचं, सगळं.

“कोरडं हाये. पोट साफ,” भाऊ म्हणायचे. “माह्या बायकोच्या तब्बेतीची येवढी खबर मले नाई राहत, जेवढी याची हाये.”

“सांगू का वहिनीले?” एटापल्लीकडचा एक उंच हमाल म्हणायचा. त्याचं मराठी थोडं होतं, पण थट्टेपुरतं पुरायचं. वॅगनच्या कडेशी उभं राहून, मशीननं उचलून आणलेले स्लीपर सरळ करून लावायचं काम त्याचं. मशीन नीट थांबलं नाही तर पहिला पाय कुणाचा जाईल हे त्याला ठाऊक होतं, म्हणून रोज सकाळी पानं बघायला तो येऊन उभा राहायचा.

मी शेऱ्याच्या रकान्यात लिहायची, “पान कोरडं.” मॅनेजरसाहेबांनी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा ते इंग्रजीत म्हणाले, “व्हॉट लीफ?” आणि त्यांना बराच वेळ हसू आवरलं नाही. मी दुसऱ्या दिवशीही तेच लिहिलं. तिसऱ्या दिवशीही.

पोळ्याच्या बारा दिवस आधी, पुढच्या डाव्या चाकाखालच्या पानावर तीन थेंब दिसले.

भाऊंनी बोट लावलं, हुंगलं, माझ्यापुढे धरलं. “हे इंजनाचं नाई, बाई. एरंडीचा वास येऊन राह्यला.” वास खरंच एरंडेलाचा होता, थोडा स्पिरिटचाही. मी पुस्तक आणलं. ब्रेकचं तेल एरंडेल आणि स्पिरिटचं असतं, असं त्यात दिलेलं होतं. भाऊंनी मशीन दहा हात चालवून ब्रेक दाबला. थांबलं, पण जिथे थांबायला हवं त्याच्या पुढे.

“पाय उशिरा धरून राह्यला,” ते म्हणाले.

ब्रेकच्या चौकोनात मी पहिल्यांदाच फुली मारली. शेऱ्यात लिहिलं, “पुढचं डावं पान ओलं, तीन थेंब. ब्रेक उशिरा लागतो.”

मॅनेजरसाहेबांनी कार्ड वाचलं. “उशिरा लागतो म्हणजे लागतो ना?” ते म्हणाले. नागपूरचा मिस्त्री पोळ्यानंतर येणार होता. तोवर बाटलीतलं तेल भरून चालवा, असं ठरलं. कार्ड त्यांनी भिंतीवरच्या तारेत खुपसलं. कॅलेंडरच्या खिळ्याला ती तार लटकत असे, आणि सगळी कार्डं तीत ओवलेली असत. ज्याला पाहिजे त्यानं पाहावीत. पण ऑफिसात इंग्रजी वाचणारी माणसं दोनच होती, आणि त्यातलं एक बोलत नसे.

दुसऱ्या दिवशी चार थेंब. मग पाच. त्या उंच हमालानं एकदा पान हातात घेतलं, नाक वाकडं केलं आणि पायाची बोटं अशी काही झटक्यानं मागे ओढून घेतली, जणू चाक आलंच. आम्ही तिघंही हसलो. सातव्या दिवशी थेंब मोजता येईनात, मी “रुपयाएवढा डाग” असं लिहिलं. मधला एक रविवार सोडून अकरा दिवस, अकरा कार्डं, अकरा फुल्या. रोज कार्ड तारेत जायचं, रोज मशीन चालायचं. मी माझं काम चोख केलं असं तेव्हा मला वाटत होतं. लिहून दिलं, आणखी काय करायचं?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गिरणीतल्या बैलांची खांदमळणी होती. ओंडके ओढणाऱ्या चार जोड्या होत्या. जू ज्या खांद्यावर बसतं तिथे पळसाच्या पानानं लोणी आणि हळद चोळायची, शेकायचं, आणि बैलाच्या कानात उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. मी आयुष्यात ते प्रथमच पाहत होते. आमच्या शाळेत बैल फक्त चित्राच्या पुस्तकात असायचा, आणि तोही गोठ्यात येशूच्या पाळण्यामागे.

शेवटच्या बैलाचं झाल्यावर वाटीत लोणी उरलं. भाऊ वाटीकडे पाहत राहिले, मग शेडकडे.

“यानं काऊन बाकी राहावं?” ते म्हणाले. “सगळ्यात जास्त वजन तं हाच उचलते.”

वाटी त्यांनी माझ्या हातात दिली. मी ती धरली. हे मी लपवणार नाही. भाऊंनी पळसाच्या पानानं त्या उभ्या सांगाड्याच्या दोन्ही खांबांना लोणी चोळलं, हात पुरेल तिथपासून माझ्या कमरेपर्यंत. त्याखाली त्यांनी हात नेला नाही. “खांद्याच्या खाली नाई लावत,” ते म्हणाले. मग मशीनच्या कानाशी, म्हणजे जिथे त्यांनी कान मानला होता तिथे, वाकून म्हणाले, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

“पेट्रोल वाढजो, पुरनपोळी नको,” तो उंच हमाल म्हणाला.

मी हसले. मोठ्यानं. गिरणीत पहिल्यांदाच. हमाल वळून बघायला लागले, आणि ऑफिसच्या खिडकीतून मॅनेजरसाहेबांनीही डोकं बाहेर काढलं. “शिंगांना बेगड लावा की!” ते ओरडले, आणि तेही हसले. तेव्हा त्या लोण्यात त्यांना काही खोट दिसली नव्हती.

पोळ्याला गिरणी बंद होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेले तेव्हा मशीनच्या दोन्ही खांबांवर मुंग्या होत्या. तांबड्या, बारीक, दोन रांगांत. वरच्या तुळईवरून उतरून त्या खांबावर येत, जिथपर्यंत पिवळं होतं तिथपर्यंत खाली जात आणि माझ्या कमरेच्या उंचीला येऊन परत फिरत. त्याखाली कोरडं लोखंड होतं, धूळ बसलेलं. मी बराच वेळ ते पाहत उभी होते. बोलायचं नसलं की माणूस बघतं पुष्कळ.

भाऊंनी पुढच्या डाव्या चाकाखालचं पान काढलं. ते देठापासून टोकापर्यंत ओलं, चकचकीत होतं. एरंडीचा तोच वास. त्यावर एकही मुंगी नव्हती.

भाऊ मशीनवर चढले आणि त्यांनी ब्रेक दाबला. तो तळाला टेकला. पुन्हा दाबला, तेव्हा अर्ध्यावर अडला.

“आज नाई, बाई,” ते उतरत म्हणाले. “आज याले जुपू नका.”

मी फुली मारली. इतकी जोरात की निबेनं कागद फाटला.

साइडिंगला, गिरणीच्या आतल्या रुळांवर, तीन वॅगन लागल्या होत्या आणि दुपारी इंजिन येऊन त्या घेऊन जाणार होतं. मॅनेजरसाहेब स्वतःच शेडमध्ये आले. कार्ड पाहिलं आणि माझ्याशी इंग्रजीत बोलले, म्हणजे बाकीच्यांना कळू नये. “टिक द ब्रेक, प्लीज, मिस.”

मी पेनाला टोपण लावलं.

तेवढंच केलं. मला तेव्हा तो केवढा तरी धीटपणा वाटला. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, टोपण घट्ट फिरवलं आणि उभी राहिले. ते किंचित हसले, माझ्या हातातलं कार्ड घेतलं, भाऊंकडे पाठ करून खिशातली निळी पेन्सिल काढली आणि माझ्या फुलीवर बरोबरची ठसठशीत खूण केली. मग भाऊंच्या समोर कार्ड नाचवलं.

“कार्डावर सगळं बरोबर आहे. चला, काढा मशीन.”

भाऊंना अक्षर येत नव्हतं. पण कार्ड कोण भरतं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना एक शब्द हवा होता, ‘हो’ नाहीतर ‘नाही’. माझ्या तोंडात इंग्रजी वाक्य तयार होतं, मराठी जुळत नव्हतं, आणि चुकीचं बोललं तर मॅनेजरसाहेब हसतील, हे माझ्या मनात आलं. हो, अगदी हेच आलं. मी खाली पेनाकडे पाहिलं.

“बाईनं पास केलं तं चांगलंच असन,” भाऊ स्वतःशी म्हणाले, आणि चढून बसले.

दहाच्या सुमाराला साइडिंगच्या उतारावर, शिंगांवर स्लीपर घेऊन उतरताना मशीन थांबलं नाही. वॅगनपाशी तो उंच हमाल उभा होता. त्यानं पाय मागे ओढला, अगदी त्या दिवशी थट्टेत ओढला होता तसा, पण एकच. दुसरा पाय चाक आणि माल चढवायचा फलाट यांच्यात सापडला. मशीन तिथेच बंद पडलं. भाऊंनी त्याला पाठीवर घेतलं आणि बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. कालच शिंगं रंगवलेली बैलांची ती जोडी होती.

लोण्याची गोष्ट दुपारपर्यंत तयार झाली. मॅनेजरसाहेबांनी आधी हमालांना विचारलं, त्या संध्याकाळी काय काय चोळलं म्हणून. मग मान हलवून म्हणाले, “अरे, तरीच.” संध्याकाळपर्यंत सगळे तेच म्हणत होते. भाऊंनी ते ऐकून घेतलं आणि मान खाली घातली. त्यांच्या दृष्टीनं हिशेब सरळ होता. ब्रेक बरोबर आहे असं कार्ड म्हणत होतं. कार्ड बाई भरते, बाई खोटं लिहीत नाही. मग नवीन काय झालं होतं? लोणी. त्यांनी स्वतःच्या पायाला जे कळलं होतं त्यापेक्षा माझ्या कार्डावर विश्वास ठेवला.

चांद्यात मी मावशीकडे राहायची. तिला मी त्या रात्री सांगितलं. ती म्हणाली, “तू मधे पडू नकोस. लागलेली नोकरी जाईल. आणि तुला बोलता तरी कुठं येतं?”

मी जेवण अर्धं ठेवून उठले.

तर आता पुन्हा ऑफिसात. खिडकीशी मी, बाकावर भाऊ, टेबलाशी शेटजी आणि मॅनेजरसाहेब, दारात दोन साक्षीदार. आणि भिंतीवर, शेटजींच्या डोक्याच्या अगदी वर, तारेत ओवलेली कार्डं. मॅनेजरसाहेबांनी ती काढून टाकायचेही कष्ट घेतले नव्हते. शेटजींना इंग्रजी येत नव्हतं, साक्षीदारांना येत नव्हतं, आणि उरलेली मी तर नुसत्या खुणा करत होते. ते वाक्य त्यांनी रागानं म्हटलं असतं तर कदाचित मी खिडकीशीच राहिले असते. ते त्यांनी सहज म्हटलं, टेबल कुठल्या लाकडाचं आहे ते सांगावं तसं.

भाऊंनी अंगठा शाईत बुडवला.

मी चालत गेले आणि खिळ्यावरून तार काढली. तार वाकडी होती, तिचं टोक माझ्या बोटात गेलं. कार्डं उलगडून मी पोळ्याच्या बारा दिवस आधीचं काढलं.

“मिस, नॉट नाउ,” मॅनेजरसाहेब म्हणाले.

मी वाचायला लागले. डोळ्यांसमोर इंग्रजी, तोंडात मराठी. “पुढचं डावं पान ओलं. तीन थेंब. ब्रेक उशिरा लागतो. फुली.” आवाज एवढा बारीक आला की माझा मलाच अनोळखी वाटला. ‘थेंब’ म्हणताना अडखळले. दारातला एक हमाल फिसकन हसला.

“अबे, मेमबाई बोलते!”

मी दुसरं कार्ड काढलं. “चार थेंब. ब्रेक उशिरा लागतो. फुली.”

“ये क्या पढ रही है?” शेटजींनी विचारलं.

“काही नाही शेटजी, तेलबिल,” मॅनेजरसाहेब उठून उभे राहिले. “द्या इकडे ती.” त्यांनी हात पुढे केला. मी एक पाऊल मागे सरले आणि तिसरं वाचलं. चौथं वाचलं. हमाल हसायचा थांबला. शेटजींनी मॅनेजरसाहेबांना हातानं बसायची खूण केली, आणि ते बसले. सहावं, सातवं. “रुपयाएवढा डाग. फुली.” माझ्या बोटाचं रक्त कार्डाच्या कडेला लागत होतं. मी एकही कार्ड गाळलं नाही. घाई केली नाही. मला शाळेत रांगेत उभं करून धडे वाचायला लावत, तेव्हा मी नेहमी घाई करायची, कधी एकदा बसते असं व्हायचं. त्या दिवशी मला बसायचं नव्हतं.

अकरा झाली. बारावं हातात राहिलं, निबेनं फाटलेलं.

भाऊ अंगठा हवेत धरून माझ्याकडे पाहत होते. शाई वाळायला लागली होती. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण काहीतरी जुळत नसल्यासारखे ते कपाळाला आठ्या घालून बसले होते.

“पर बाई,” ते हळूच म्हणाले, “त्या दिवशी तं तुमीच पास केलं न?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मॅनेजरसाहेबसुद्धा. तोच प्रश्न होता, शेडमध्ये भाऊंनी नुसत्या नजरेनं विचारलेला. मी कार्ड त्यांच्यासमोर, त्यांच्या डोळ्यांजवळ धरलं. अक्षर येत नसलं तरी रंग कळतो.

“नाही, भाऊ,” मी म्हणाले. “ही काळी फुली माझी आहे. तिच्यावरची निळी खूण साहेबांची आहे. ते खूण करत होते तेव्हा मी शेजारी उभी होते आणि गप्प बसले. कागदावर कुणाची चूक लिहायचीच असेल तर ती गप्प बसल्याची लिहा, माझ्या नावानं लिहा, मी सही करते. खांबावरचं लोणी माझ्या कमरेच्या उंचीखाली उतरलं नव्हतं. मुंग्या तिथूनच परत फिरत होत्या, मी पाहिल्या आहेत. तुमच्या पायाला जे कळलं तेच खरं होतं. अंगठा पुसून टाका, भाऊ.”